जबलपूरच्या स्टेशनवरची खोली

“नाशिक नको. नाशिकला मावशी आहे.”

“मग पुणे?”

“पुण्याला मामेभाऊ. गेलो आणि त्याच्याकडे उतरलो नाही तर मामा जन्मभर बोलायचा नाही. उतरलो तर त्याच्या एका खोलीत आम्ही सातजण.”

“सुरत?”

“भावसार, ताप्ती लाइनवर एक स्टेशन दाखवा जिथं माझा पाहुणा नाही. चहाची किटली घेऊन डब्यात चढतील.”

मी टाइमटेबल मिटलं. खिडकीच्या पलीकडे रघुनाथ पाटील हनुवटी गजांवर टेकून उभा होता. संध्याकाळची वेळ, मेल निघून गेलेली, तिकिटांना गर्दी नव्हती. मी तेव्हा जळगाव स्टेशनात बुकिंग क्लार्क होतो. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. रघुनाथ जळगावच्या एका जिनमध्ये कारकून होता. जिन म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. तो धरणगावला राहायचा, पास काढून रोज जायचा-यायचा. संध्याकाळी त्याची गाडी सुटेपर्यंत माझ्या खिडकीशी गप्पा मारायचा. त्यातून आमची मैत्री झाली.

त्याचं लग्न त्याच वर्षी वैशाखात झालं होतं. बायको धुळ्याची, नाव सिंधू. सातवी पास, चांगली बोलकी मुलगी, असं तो सांगायचा. पण ती बोलकी आहे हे त्याला ऐकून माहीत होतं. घर दोन खोल्यांचं. आई-वडील, विधवा वहिनी, वहिनीची मुलं. पुरुष ओट्यावर झोपायचे, बायका आत. नवरा-बायकोनं दिवसा एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. सिंधू त्याला ताट वाढायची तेव्हा वहिनीच्या मुलाला सांगायची, “काकांना विचार, भाकरी हवी का.”

“मला तिच्याशी बोलायचंय हो,” रघुनाथ म्हणाला. “बस, एवढंच. गावी असतं ते सगळं आहे. बोलणं नाही.”

कुठल्याशा मासिकात त्यानं मधुचंद्र हा शब्द वाचला होता. शब्द उच्चारताना त्याचे कान लाल व्हायचे. त्याच्या अटी दोन. ठिकाण स्वस्त हवं, आणि तिथं ओळखीचं कुणी भेटता कामा नये.

या दोन अटी एकत्र बसवणं किती अवघड असतं हे लोकांना कळत नाही. स्वस्तात राहायचं म्हणजे पाहुण्यांकडे. पाहुणे नकोत तर धर्मशाळा. धर्मशाळेत बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. लॉजमध्ये उतरावं तर पैसे फार, आणि नुसतं तरुण जोडपं दिसलं की मालक वरून खालपर्यंत बघणार. रघुनाथनं बाजूला टाकलेली रक्कम मला माहीत होती. ती ऐकल्यावर लॉजचा विचार मीच सोडून दिला.

मग मला रिटायरिंग रूम सुचली. मोठ्या स्टेशनांवर, बहुतेक वरच्या मजल्यावर, रेल्वेच्या दोन-चार खोल्या असतात. लांबचं तिकीट असलेल्या प्रवाशाला तिथं एक दिवस राहता येतं. स्टेशन मास्तरनं मनावर घेतलं तर आणखी एक. पलंग, आरसा, न्हाणीघर, सगळं असतं आणि भाडं अगदी माफक. आमचे सामान्य प्रवासी तिकडे फिरकत नाहीत, कारण त्यांना वाटतं, ती साहेबांसाठी असते.

दुसरी गोष्ट ब्रेक जर्नी. लांबचं तिकीट काढलं की वाटेत एखाद्या स्टेशनवर उतरून, तिकिटावर तिथल्या मास्तरची सही घेऊन, पुढच्या गाडीनं पुढं जाता येतं. तिकीट एकच. हे नियमात आहे, पण कुणी विचारत नाही आणि आम्हीही सांगत नाही.

मी टाइमटेबल पुन्हा उघडलं आणि भुसावळ, खंडवा, इटारसी असं बोट फिरवत नेलं.

“जबलपूर,” मी म्हणालो. “इथून थेट गाडी. मोठं स्टेशन आहे, रिटायरिंग रूम आहे. जवळ भेडाघाट. संगमरवराचे कडे, मधून नर्मदा, नावेतून हिंडता येतं. टांगा ठरवला की झालं. कुणी पाहुणा?”

रघुनाथनं डोळे मिटून सगळं गोत आठवलं.

“नाही,” तो म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला की मला हसू आलं. “खंडव्याच्या पुढं आमचं कुणीच नाही!”

मागून आवाज आला. “भावसार, हे बुकिंग ऑफिस आहे की लग्न जमवायची कचेरी?”

आमचे हेड क्लार्क पेंडसे. कडक माणूस. कॅश मोजताना कुणी शिंकलं तरी वर बघायचे.

“लग्न जमलेलं आहे साहेब,” मी म्हणालो. “पुढचं बघतोय.”

“पुढचं रेल्वेच्या वेळात बघू नका.”

पण बेत ठरला. जिनचा हंगाम दिवाळीत सुरू होतो, त्याआधी आश्विनात रजा मिळत होती. कोजागिरीच्या सुमाराला भेडाघाटला नावा सुरू झालेल्या असतात. मी जबलपूरच्या स्टेशन मास्तरना खोलीसाठी लिहिलं. तिकिटाचा हिशेब बसवला. दोन वेळचं जेवण, टांगा, नाव, सगळं धरूनही रघुनाथच्या हातात थोडं उरत होतं. त्यातून तिला जबलपूरहून काहीतरी घ्यायचं, असं त्यानं ठरवलं.

घरी काय सांगायचं, एवढाच प्रश्न राहिला. रघुनाथचा विचार होता की जिनच्या कामाचं निमित्त सांगावं. ते त्यानं सिंधूला कसंबसं, विहिरीच्या वाटेवर, चार वाक्यांत सांगितलं. तिनं तिथल्या तिथे नकार दिला.

“खोटं सांगून गेलो तर तिथं बसून मी घराचाच विचार करीन,” ती म्हणाली. “आबांना खरं सांगा. नाही म्हणाले तर नाही जाणार.”

त्यानं आबांना खरं सांगितलं.

दोन दिवसांनी आबा स्वतः माझ्या खिडकीशी आले. रघुनाथ मागं, आणि त्याच्याही मागं डोक्यावरून पदर घेतलेली एक मुलगी. सिंधूला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिला चष्म्याच्या दुकानात न्यायचं म्हणून आणली होती. आबा उंच, पांढरं मुंडासं, आवाज अगदी मऊ. ते रागावून आलेत असं मी धरून चाललो होतो, पण तसं काही नव्हतं.

“राम राम भाऊ. रघुले जबलपूरनी वाट तुम्हीन दखाडी ना?”

“हो आबा.”

“हाई गाडी फुडे प्रयागले जास ना?”

गाडी प्रयागला जातेच. जबलपूरहून पुढं तीच लाइन.

“जाते,” मी म्हणालो.

आबांनी दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. “मना मोठा आंडोर ग्या. तेन्या अस्थी गोठामा टांगेल शेतस. तेनी माय रोज सकायले तठे जाईसन उभी ऱ्हास. नाशिकले शिरावूत म्हनं, तर नही म्हने. प्रयागलेच.”

मोठ्या मुलाच्या, एकनाथच्या, अस्थी. तो तापानं गेला होता, हे मला रघुनाथनं कधीतरी सांगितलं होतं. अस्थी अजून घरी आहेत, नाशिकला विसर्जन करायला आई तयार नाही, हे सांगितलं नव्हतं. आबांना हिंदी येत नव्हतं, भुसावळच्या पुढं ते कधी गेले नव्हते. धाकट्या मुलाला सवड नव्हती, म्हणून राहिलं होतं. आता मुलगा त्याच गाडीत बसणार होता.

आबा हट्ट करत नव्हते. ते फक्त विचारत होते.

रघुनाथ जमिनीकडे बघत होता. मी टाइमटेबल काढलं, उगाच पानं उलटली. आणि मग मला एक वाट दिसली.

“आबा, असं करू. जाताना चौघं सरळ प्रयागला जा. विधी उरका. येताना तुम्ही आणि रघुनाथची आई त्याच गाडीनं थेट जळगावला या, मी उतरवून घेतो. आणि हे दोघं जबलपूरला उतरतील. तिकीट तेच. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं येतील.”

आबांनी मान वळवून मुलाकडं पाहिलं, मग सुनेकडं. “उतरा ना,” ते म्हणाले. “आमले काय व्हस? गाडीमा बसानं, जयगावले उतरानं.”

रघुनाथनं सुटकेचा श्वास टाकला. आबा पाणी प्यायला नळाकडे गेले. तेवढ्यात सिंधू पुढं आली. आवाज अगदी खाली आणून तिनं मला विचारलं, “भाऊ, त्या खोलीला कडी आतून आहे ना?”

मी जन्मात जबलपूरला गेलो नव्हतो. तेव्हा मागच्या टेबलावरून पेंडसे, मान वर न करता, म्हणाले, “आहे. पितळी आहे. जरा घट्ट बसते, दार ओढून धरून लावायची.”

ते पूर्वी कधीतरी तिकडं रिलीफला गेले होते. रिलीफ म्हणजे रजेवरच्या माणसाच्या जागी तात्पुरतं काम. सिंधूचा चेहरा पदराआड गेला, पण ती हसली हे मला दिसलं.

प्रयागचं छापील तिकीट आमच्याकडं नव्हतं. अशा वेळी कोऱ्या तिकिटावर हातानं गाव, मार्ग, भाडं लिहून द्यावं लागतं. त्याला ब्लँक पेपर तिकीट म्हणतात. ती चारही तिकिटं पेंडशांनी माझ्या हातून काढून घेतली आणि स्वतः लिहिली. त्यांचं अक्षर सुंदर होतं. रघुनाथ आणि सिंधूच्या तिकिटांवर मार्ग लिहिताना ते ‘जबलपूर’वर जरा थांबले, असं मला वाटलं.

चौघांचं भाडं म्हटल्यावर रघुनाथचा सगळा हिशेब बदलला. टांगा, नाव आणि ती जबलपूरची भेटवस्तू, यातलं एक काढून टाकावं लागणार होतं. त्यानं भेटवस्तू काढली. खोली मात्र ठेवली.

निघायच्या दिवशी मी प्लॅटफॉर्मवर गेलो. रघुनाथची आई, माय म्हणायचे तिला, बाकावर बसली होती. मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं तांब्याचं भांडं. सिंधू तिच्या शेजारी पाण्याचा तांब्या धरून उभी होती. नव्या चष्म्यातून ती स्टेशनावरची प्रत्येक पाटी वाचत होती. गाडी आली. आबांनी हात जोडले. रघुनाथनं खिडकीतून हात हलवला तेव्हा तो लहान मुलासारखा दिसत होता.

प्रयागची गाडी परत यायच्या दिवशी मी कबूल केल्याप्रमाणे आबा-मायला उतरवून घ्यायला गेलो. डब्यातून आधी आबा उतरले, मग माय, मग सिंधू. सगळ्यात शेवटी ट्रंक घेऊन रघुनाथ.

मी त्यांना ताप्ती लाइनच्या, धरणगावकडे जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं. रघुनाथ मला भेटला तो रजा संपल्यावर, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी.

“जबलपूर आलं,” तो सांगू लागला. “सकाळची वेळ. मी ट्रंक खाली उतरवली. आबा म्हणाले, जा. सिंधूपण उठली. माय खिडकीशी बसलेली. संगमावर भांडं हातातून सुटलं तेव्हापासून ती एक शब्द बोलली नव्हती. रडली पण नव्हती. नुसती स्वतःच्या रिकाम्या मांडीकडं बघायची. सिंधू पायऱ्यांकडं निघाली तर मायनं तिचा पदर धरला.”

“थांब म्हणाली?”

“नाही. काहीच म्हणाली नाही. नुसता धरला. आबांनी सोडवायला हात पुढं केला, तर मायचं लक्षच नव्हतं. सिंधूनं माझ्याकडं बघितलं. मी खाली, ती वर. मग ती मायजवळ बसली. गार्डनं शिट्टी दिली. मी ट्रंक उचलून परत चढलो.”

“अरे, तू पदर सोडवून घ्यायचास ना,” मी म्हणालो.

“कुणाकडून?” रघुनाथ म्हणाला.

मग त्यानं पुढचं सांगितलं. इटारसीच्या आसपास माय सिंधूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि पार खंडव्यापर्यंत रडत होती. सिंधूनं तिला थोपटलं. घरातल्या कुणाजवळही ती तशी रडली नव्हती, असं रघुनाथ म्हणाला. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट थोडा अभिमान होता. पण त्यानं हनुवटी गजांवर टेकवली नाही. गाडीला वेळ होता तरी लवकर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेंडशांनी विचारलं, “त्या खोलीचं काय झालं?”

“रिकामी राहिली, साहेब.”

त्यांनी मान हलवली. त्या दिवशी पुढं ते कुणावर खेकसले नाहीत.

पुढच्या वर्षी जाऊ, असं आम्ही दोघंही म्हणत होतो. पुढच्या वर्षी सिंधू बाळंतपणाला धुळ्याला गेली. त्याच्या पुढच्या वर्षी वहिनीच्या मुलीचं लग्न निघालं. मग जिनमध्ये रघुनाथची बढती झाली आणि आश्विनातली रजा बंद झाली. टाइमटेबल बदललं, गाडीची वेळ बदलली. आम्ही खिडकीशी बोलायचो ते कपाशीच्या भावाचं, बदल्यांचं, पावसाचं. जबलपूरचं नाव हळूहळू निघेनासं झालं. कुणी ठरवून टाळलं नाही.

रघुनाथचा मुलगा शाळेत जायच्या वयाचा झाला असेल तेव्हाची गोष्ट. एका सकाळी खिडकीतून एक सुरकुतलेला हात आत आला. मी वाकून पाहिलं तर माय. एकटीच धरणगावहून आली होती.

“भाऊ, दोन तिकिटं द्या,” ती म्हणाली. “रघुनं आनि सिंधूनं. ते जबलपूरनं.”

मी बाहेर गेलो, तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. तिचा श्वास लागला होता.

“मी तवय तिना पदर धरा,” ती म्हणाली. “माले कयनं नही. आबानी मरानी येळे सांगं, तू पोरेसले उतरू दिधं नही.” आबा त्या उन्हाळ्यात गेले होते. “सोडाले पाहिजे व्हता. पोरगं मी संभाळसू. तुम्ही तेस्ले धाडा.”

तिनं माझ्याकडं अपराध्यासारखं बघितलं. तिकिटं काढून देणं माझ्या हातात होतं, तेवढं मी केलं. खोलीसाठी पुन्हा लिहिलं. पेंडसे तोवर रिटायर होऊन गावी गेले होते. त्यांना एक कार्ड टाकावं असं मनात आलं, पण टाकलं नाही.

रघुनाथ आणि सिंधू गेले. मायचा मान राखायला गेले, असं मला त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटलं. सिंधू आता अंगानं भरली होती, डोक्यावरचा पदर सैल झाला होता. गाडीत चढेपर्यंत ती मायला सूचना देत होती. दूध कधी तापवायचं, मुलाला अंघोळीला गरम पाणी किती.

ते परत यायचे त्याच्या आदल्याच दिवशी मला प्लॅटफॉर्मवर दिसले. गाडीतून उतरून ताप्ती लाइनच्या बाजूला निघाले होते.

“एक दिवस आधी?” मी विचारलं.

रघुनाथ हमालाशी बोलत होता, किंवा तसं दाखवत होता. सिंधू थांबली.

“खोली छान होती भाऊ,” ती म्हणाली. “संगमरवराचे कडे पाहिले. पांढरे आहेत. नाववाला फार बडबड्या होता, त्यामुळं बरं वाटलं.” मग जरा थांबून, चष्मा पुसत म्हणाली, “खोलीत दोघं बसलो. यांनी विचारलं, काय म्हणतेस? मी म्हटलं, काही नाही. मी विचारलं, तुम्ही काय म्हणता? हे म्हणाले, काही नाही. मग आम्ही पोराचं बोललो. पोराचं बोलणंही संपलं. तेव्हा हे म्हणाले, सकाळची गाडी आहे. मी म्हटलं, जाऊ या.”

ती हसली. वाईट वाटून घेतलेलं हसू नव्हतं ते. उलट माझी समजूत काढल्यासारखं होतं. मग तिची गाडी लागल्याचं दिसलं आणि ती भराभर चालू लागली. रघुनाथ तिच्या मागून ट्रंक घेऊन गेला.

त्यांच्या संसारात पुढं वाईट काही घडलं नाही. आणखी दोन मुलं झाली. माय सिंधूच्याच हातचं पाणी पिऊन गेली. रघुनाथ जिनमधून मॅनेजर होऊन निवृत्त झाला. भांडणतंटा नाही, कुरकुर नाही. कुणी विचारलं तर मी सांगेन की फार चांगलं घर. पण विहिरीच्या वाटेवर तिथल्या तिथे नवऱ्याला ठणकावून सांगणारी ती मुलगी तिथं पुन्हा कुणाला दिसली असेल का, हे मला माहीत नाही. रघुनाथला तरी दिसली का, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

मी पुढं बरीच वर्षं खिडकीवर होतो. दिवस बदलले, नवी जोडपी धीटपणे येऊन विचारू लागली की स्वस्तात कुठं जाता येईल. मी त्यांना रिटायरिंग रूम सांगायचो, ब्रेक जर्नी सांगायचो. पण टाइमटेबल उघडण्याआधी एक प्रश्न विचारायचो. घरात कुणाचं तीर्थ राहिलंय का? राहिलं असेल तर आधी त्यांना पोचवून या आणि मग वेगळ्या लाइनचं तिकीट काढा. राहिलं नसेल तर उद्याचंच काढा. बहुतेक जण हसायचे, घरी विचारून सांगतो म्हणायचे. त्यातले फार थोडे परत आले.